जाड्या पुस्तकाचा पाचवा भाग

चष्मेकाकांच्या दुकानात जवळचा नंबर काढायला आलेल्या माणसाच्या हाती छापील तक्ता कधी पडला नाही. तक्ता होता, पण तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे आणि त्याच्या पाठीवर काका खडूने गिऱ्हाइकांचे निरोप लिहून ठेवत.

"त्या तक्त्यात असतं काय?" ते म्हणत. "वर ढब्बू अक्षरं, खाली मुंगीएवढी अक्षरं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. असलं वाचून कुणाला पुढचं वाचावंसं वाटेल?"

मग चाचणीची ती जड गोल फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची, काचा बदलत राहायचं आणि त्याच्या हातात एका जुन्या कादंबरीचा सुटा शिवलेला भाग ठेवायचा. "वाचा. मोठ्यानं नको, मनात. अडखळलात की सांगा."

गिऱ्हाईक वाचू लागे. थोड्या वेळाने काका विचारत, "दिसतंय का नीट?" आणि उत्तर येई, "थांबा हो, इथं पूर आलाय." असं उत्तर आलं की काका समजत, नंबर बसला.

चष्मा तयार झाला की डबीबरोबर तोच भाग घरी मिळे. "नवा चष्मा आहे. चार दिवस वाचून बघा. डोकं दुखलं तर काच बदलून देतो. नाही दुखलं तर पुढचा भाग देतो."

डोकं सहसा दुखत नसे. दुखलं तरी बरेच जण सांगत नसत, कारण पुढचा भाग हवा असे.

पुस्तक एकच होतं. त्याला नाव नव्हतं. म्हणजे लेखकाने ठेवलं असणारच, पण काकांच्या हाती ते आलं तेव्हाच त्याचं कव्हर आणि पहिली पानं गेलेली होती, आणि पुढे वाळवीने कडा खाल्ल्या तेव्हा काकांनी त्या छाटल्या, त्यात पानांवरचे आकडेही गेले. नदीवर होडी चालवणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती. सगळे त्याला जाडं पुस्तक म्हणत. त्याचे सात भाग करून, शेजारच्या शिंप्याकडचा जाड दोरा घेऊन काकांनी ते स्वतः शिवले होते आणि प्रत्येकावर शाईने आकडा घातला होता.

काका स्वतः इतर पुस्तकंही भरपूर वाचत, पण त्यांच्या अटी असत. पहिल्या वीस पानांत कुणीतरी जेवलं पाहिजे. "पात्रं उपाशी ठेवून लेखक डोंगर दाखवत बसला, की मी ओळखतो, याला माणसांचं काही पडलेलं नाही." पात्र कसलं काम करून पोट भरतं हे लवकर कळलं नाही, तर ते पुस्तक मिटलंच म्हणून समजा. वाचायचे ते उभ्यानेच. सानेच्या दगडावर काच घासली की ती गार पाण्यात टाकायची आणि तेवढ्यात दोन पानं उरकायची. खुणेला कागद नाही, दोरा नाही. टवका उडून वाया गेलेली एखादी काच थांबल्या ओळीवर ठेवून द्यायची. त्या काचेखाली ती एक ओळ फुगून मोठी दिसे. दुकानात शिरणारा आधी ती ओळ वाचे आणि मगच आपलं काम सांगे. आणि वर्षातून एकदा, इतर काहीही चाललेलं असो, काका जाड्या पुस्तकाकडे परत येत.

हे काका गेले. फारसं कुणाला दमवलं नाही, स्वतःही दमले नाहीत. आठवडाभर पडून होते, आणि मग नव्हते.

त्यांना दोन मुलं. धाकट्याची नोकरी दुसऱ्या गावात. थोरली याच गावात, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. दिवसभर इतरांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हौसेने वाचायचं, असं तिचं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. एका वेळी तीन-चार पुस्तकं. एक जेवताना, एक झोपताना, एक बसमध्ये, आणि एक असं की जे संपूच नये म्हणून ती मुद्दाम दोन-दोन पानंच वाचे. हातात पेन्सिल सतत. विकत घेतलेल्या पुस्तकातही चूक दिसली की तिचे हात शिवशिवत. धाकटा म्हणे, "ताई स्वर्गात गेली तरी दारावरची पाटी आधी तपासेल."

बाबा गेल्यापासून मात्र तिला वाचता येईना.

पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर राहत नसत. ओळीच्या मधोमध धुरासारखं काहीतरी पसरे. तिला वाटे, दुःखाने होतं असं. ते तिने मान्यही करून टाकलं होतं. ऑफिसात तिने हातातली मुद्रितं परत केली. साहेब भले होते, म्हणाले, सावकाश या. पण मुद्रितं न तपासणारी मुद्रितशोधक किती दिवस सांभाळणार ते तरी? आणि संध्याकाळी घरी गेल्यावर करायचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. तिने आयुष्यात संध्याकाळी दुसरं काही केलंच नव्हतं.

महिन्याच्या शेवटी दुकानाची जागा सोडायची ठरली. मोबाइल दुरुस्त करणारा एक जण ती घेणार होता. धाकटा रजा काढून आला. दोघं मिळून सामान आवरू लागली.

"तुला काय हवं यातलं?" धाकट्याने विचारलं.

"जाडं पुस्तक."

"बस?"

"बस. सातही भाग. नीट बांधून घेणार, एकत्र. माझ्या कपाटात ठेवणार."

"वाचणार कधी? तुला तर हल्ली वाचवत नाही म्हणतेस."

"म्हणून तर," ती म्हणाली. "तेच वाचवलं तर वाचवेल."

धाकट्याने खण ओढला.

खणात पहिला, दुसरा, तिसरा असे भाग लगेच मिळाले, सातवाही मिळाला. आणखी एका खणात तयार होऊन पडलेल्या चष्म्यांच्या डब्या होत्या, ज्यांचे मालक अजून आलेच नव्हते. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी, तिच्यावर बाबांचं टोकदार अक्षर: 'बेकरी, दुसरी जोडी', 'पोस्टातल्या बाई', 'मास्तर, फक्त दांडी'. धाकटा एकेक वाचून बाजूला ठेवत होता. मध्येच थांबला आणि एक डबी बहिणीपुढे धरली.

चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'थोरली'.

तिला आठवलं. आजारी पडायच्या थोडं आधी बाबांनी तिला जबरदस्तीने त्या जड फ्रेममागे बसवलं होतं. ती हात लांब करकरून वाचते हे त्यांनी बघितलं होतं. "हात आणखी किती लांबवणार? आता वयाला मान द्यायला शीक." तिने त्यांना उडवून लावलं होतं, मला काही झालेलं नाही म्हणून. तरी त्यांनी काचा घासल्याच होत्या.

तिने चष्मा लावला. दांड्या कानावर अशा बसल्या जणू तिथेच वाढल्या होत्या. पहिला भाग समोर पडला होता. तिने तो उघडला.

अक्षरं जागेवर उभी होती. काळी, स्वच्छ, एकमेकांत अंतर राखून, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत.

"काय झालं?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही. दिसतंय."

"म्हणजे दुःख नव्हतं ते? नंबर होता?"

ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिला चष्मा काढून पुसावा लागला.

"दोन्ही होतं," ती म्हणाली.

शेजारच्या दुकानातून शिंपी डोकावले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. गळ्यात माप घ्यायची फीत, कानावर खडू, आणि आवाज असा की हळू बोलले तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावं. चष्मेकाकांच्या शेजारी त्यांनी सगळी हयात काढली होती.

"माझी दांडी झाली का बघ गं," ते म्हणाले. "आणि सहावा भाग माझ्याकडे आहे. तुम्ही शोधत बसाल म्हणून सांगतो. मी काही ढापत नाहीये. फक्त शेवटची दहा पानं राहिलीत."

"चौथा आणि पाचवा कुणाकडे आहेत, मास्तर?"

"चौथा बेकरीवाल्याकडे. नवीन गिऱ्हाईक आहे तो, पहिलीच फेरी. पाचवा सिस्टरकडे. ती मागच्या गल्लीतली, दवाखान्यातून निवृत्त झालेली. तिची ही कितवी फेरी ते तिलाच ठाऊक." मास्तरांनी फीत सारखी केली. "का, गोळा करतेस?"

"बांधून घेणार आहे."

"एकत्र?"

"हो."

मास्तर काही वेळ फीत गुंडाळत राहिले. "मग एका वेळी एकच जण वाचणार," ते म्हणाले. "बरं. तुझ्या बापाचं आहे, तू कर काय ते."

संध्याकाळी थोरली बेकरीवाल्याची दुसरी जोडी घेऊन निघाली. बेकरीत पावांची शेवटची खेप निघत होती. बेकरीवाला दंडापर्यंत पिठाने पांढरा. त्याने चष्मा घेतला, घालून पाहिला, मान हलवली. मग फडताळावरून चौथा भाग काढला आणि दोन बोटांनी धरून तिच्यापुढे केला, जसा काही उंदीर धरलाय.

"घेऊन जा. मला नको पुढचं."

"का हो? डोकं दुखलं?"

"डोकं नाही दुखलं." त्याने कपाळ पुसलं आणि कपाळही पांढरं करून घेतलं. "काका असते तर त्यांना बोललो असतो. तुम्हाला काय बोलणार? तुमच्यावर आधीच वेळ आलीये. पण त्या लेखकाला काही माणुसकी नाही, एवढं सांगतो."

तिला काही उलगडलं नाही. तिने भाग पिशवीत टाकला. निघताना त्याने तिच्या हातात गरम पाव ठेवला आणि म्हणाला, "आणि चष्म्याला नाव ठेवायला जागा नाही. लख्ख दिसलं. तेच तर."

त्या आठवड्यात तिने वाचलं. कितीतरी दिवसांनी वाचलं. दुकानातलं सामान दिवसा आवरायचं आणि मधल्या वेळात बाबांच्या उंच स्टुलावर बसून, नवा चष्मा लावून, पानं उलटायची. पहिला, दुसरा, तिसरा. तहानलेल्या माणसाने ओंजळ न सोडता प्यावं तसं.

खरं म्हणजे हे पुस्तक तिने कधीच सलग वाचलेलं नव्हतं. भाग नेहमी गिऱ्हाइकांकडे असायचे. लहानपणी घरी एकच भाग असे, पाचवा. आई गेली त्या वर्षी बाबांनी तो कुणाला न देता घरी आणून ठेवला होता आणि तिच्या हातात दिला होता. नऊ-दहा वर्षांची असेल ती. तोवर तिला वाचायचं म्हणजे शाळेचं एवढंच माहीत होतं. त्या पाचव्या भागाने तिला वाचायची गोडी लावली. पुढेमागे काय आहे त्याची काही कल्पना नसताना तिने तो इतक्यांदा वाचला की त्यातले म्हातारे नावाडी आजोबा तिला आपल्याच घरचे वाटत. भागाच्या पहिल्याच ओळीला आजोबा जेवायला बसतात आणि विचारतात, "मीठ संपलं, की तुम्ही लपवलंत?" मग दिवसभर सगळ्या घराशी भांडतात. त्यांची नात होडीतून उडी मारायला जाते, घसरते आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटतो. आजोबा म्हणतात, रडू नकोस, आता तुला शिट्टी चांगली येईल. आणि खरंच येते. नंतर तिच्या आयुष्यात शेकडो पुस्तकं आली, मोठमोठी, गाजलेली. ती सगळी त्या तुटलेल्या दाताच्या फटीतून आत आली होती, असं तिला कधी कधी वाटे.

चौथा भाग तिने दुपारी उघडला. धाकटा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायला गेला होता.

चौथ्या भागाच्या शेवटी नावाडी आजोबा जातात. लेखकाने त्याचा गाजावाजा केला नव्हता. आजोबा काठावर टेकून बसलेले, होडी बांधलेली. पलीकडच्या तीरावरून नात तुटक्या दातातून शिट्टी घालते. नेहमी ते हात वर करतात. ती पुन्हा शिट्टी घालते. हात वर होत नाही. भाग संपतो.

आजोबा जातात हे थोरलीला माहीतच नव्हतं. तिच्या लेखी ते आजवर मीठ मागत बसलेले होते. बेकरीवाल्याने तो भाग उंदरासारखा का धरला होता ते आता तिला कळलं.

आणि मग, डोळे अजून ओले असतानाच, तिच्यातली मुद्रितशोधक उठून बसली.

तुटक्या दातातून शिट्टी? दात तर पाचव्यात तुटतो.

तिने पुन्हा मागची पानं पाहिली. शंकाच नव्हती. चौथ्यात दात आधीच तुटलेला आहे. म्हणजे पाचवा भाग आधीचा, आणि हा चौथा म्हणजे खरा पाचवा. पानांचे आकडे छाटले गेल्यावर बाबांनी शिवताना दोन भागांची अदलाबदल केली होती. आणि इतकी वर्षं सगळी गल्ली हे पुस्तक चुकीच्या क्रमाने वाचत होती. त्यात म्हातारा मरतो आणि पुढच्या पानावर जेवायला येऊन बसतो, कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि या लोकांनी ते खपवून घेतलं होतं.

"मास्तर," तिने भिंतीपलीकडे हाक दिली. "चौथ्यात तो म्हातारा मरतो ना?"

"मरतो."

"मग पाचव्यात येतो कसा?"

मशीन थांबलं. "ते लेखकाचं कसब आहे," मास्तर म्हणाले. "आपल्याला वाटतं मेला. पण लिहिलंय कुठं मेला म्हणून? हात वर केला नाही एवढंच लिहिलंय. डुलकी लागली असेल. मला जेवण झाल्यावर लागते की." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तिला हसू आलं, पण हात शिवशिवायचे ते शिवशिवलेच. तिने पेन्सिल काढली. भागावरच्या शाईतल्या चारावर बारीक काट मारली आणि शेजारी पाच लिहिलं. आता पाचव्यावर चार घातला की झालं. बांधणारा सोमवारी येणार होता. बाबांचं पुस्तक निदान आता तरी नीट होईल, असं ती मनाशी म्हणाली.

सिस्टरचं घर मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. बाई अंगाने बारीक, पण हातांत अजून वॉर्डातला जोर. दार उघडल्या उघडल्या त्यांनी थोरलीचा दंड असा धरला की जणू तिला पलंगावरून उठवून चालायला लावायचंय.

"ये, बाळ. बापाच्या चेहऱ्याची आहेस. नशीब म्हण, नाक त्याचं नाही घेतलंस. चष्मा टिकला नसता."

चहा झाला. पाचवा भाग खिडकीत पालथा ठेवलेला होता. थोरलीने आल्याचं कारण सांगितलं. अदलाबदल, दात, शिट्टी, सगळं. सांगताना तिचा आवाज कामावरच्यासारखा झाला, नेटका.

सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दाताचं मलाही दिसलं होतं. पहिल्याच फेरीत. मी तुझ्या बापाला जाऊन सांगितलं, अहो, तुमचं पुस्तक उलटं शिवलंय."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाला, माहीत आहे."

थोरलीने कप खाली ठेवला.

"तुझी आई गेल्यावर ते शिवलं त्याने," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वी तुझी आई त्याला वाचून दाखवायची म्हणे, तो काचा घासत असायचा. तुकड्या-तुकड्यानं ऐकलेलं, सगळं कुठलं ध्यानात राहणार? आणि त्या दिवसांत लक्ष तरी कुठं होतं त्याचं. चुकलं शिवताना. मग एकटा वाचायला बसला. चौथ्यात म्हातारा गेला. त्याने भाग मिटला आणि ठरवलं, आता पुढं नाही वाचायचं. किती दिवस हात लावला नाही. मग कधीतरी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून पाचवा उघडला. तर हा बसलाय जेवायला आणि मिठावरून कुरकुर करतोय." त्यांनी खिडकीतला भाग उचलून मांडीवर घेतला. "तुझा बाप मला म्हणाला, सिस्टर, चूक आहे हे मला दुसऱ्याच पानावर कळलं. पण तोवर मी त्याला म्हणून बसलो होतो, बस बाबा, घे मीठ. आता त्याला उठ कसं म्हणू?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि मग त्याने तो भाग घरी नेला," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला देतो म्हणाला."

थोरलीला आपलं ते जुनं घर दिसलं, आई नसलेलं. त्या घरात एक म्हातारा रोज जेवायला बसायचा आणि ती त्याच्यासमोर पालथी पडून वाचायची. बाबांनी तिला त्या वर्षी वाचायला दिलं होतं, एवढंच ती आजवर समजत होती. काय दिलं होतं ते आज कळत होतं.

"तुला दुरुस्त करायचं असेल तर कर," सिस्टर म्हणाल्या. "तुझं कामच आहे ते. मी बापडी कोण? पण माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, बाळ. गेलेल्यांपैकी एकही परत येऊन मीठ मागत बसला नाही. या एकाच पुस्तकात बसतो. मी कशाला त्या पोरीचे दात मोजू?"

"तुमचं वाचून झालंय का?"

"उद्या होईल."

"मग उद्या मास्तरांकडे द्या," थोरली म्हणाली. "घाई नाही."

सोमवारी बांधणारा आला. धाकट्याने त्याला चहा पाजून परत पाठवलं, कारण बहिणीने तसं सांगितलं होतं. "आमची ताई," तो त्याला दारापर्यंत सोडताना म्हणत होता, "चुका काढण्याचा पगार घेते. आज पहिल्यांदा एक चूक मुक्कामाला ठेवून घेतलीये. तारीख लक्षात ठेवा."

दुकान रिकामं झालं. सान, काचांचे खोके, ती जड गोल फ्रेम, सगळं गेलं. फ्रेम थोरलीने ठेवून घेतली. पुस्तकाचे भाग एका बुटांच्या खोक्यात घालून मास्तरांच्या दुकानात, बाकाशेजारी ठेवले. त्यांच्या गिऱ्हाइकांना शिवण व्हायची वाट बघत बसावंच लागे. मास्तरांनी अट घातली होती, इस्त्रीजवळ न्यायचं नाही आणि मला शेवट सांगायचा नाही, कारण मी दर वेळी विसरतो आणि मला तेच बरं पडतं.

थोरली आता कामावरून परतताना तिथे थांबू लागली. ऑफिसात तिने मुद्रितं परत मागून घेतली होती, आणि साहेबांनी वर दोन गठ्ठे जास्तच दिले होते. चौथ्या भागावरची आपली पेन्सिल तिने खोडून टाकली होती, खोडरबराने, इतक्या हलक्या हाताने की बाबांची शाई जराही पुसली गेली नाही. आता तिला पाचवा हवा होता. लहानपणानंतर तो तिने वाचला नव्हता, आणि चौथ्यानंतर तर कधीच नाही.

त्या संध्याकाळी ती शिरली तेव्हा मास्तरांनी तो तिच्या हातात ठेवला. "आला. सिस्टर देऊन गेली. तुझ्यासाठी राखलाय."

ती बाकावर बसली, डबी उघडली, चष्मा लावला. तेवढ्यात दारात बेकरीवाला. विजारीचं टोक उसवलं होतं म्हणून आलेला. तिला आणि तिच्या हातातल्या भागाला पाहून त्याने मान वळवली आणि मास्तरांना विजार दाखवू लागला. दाखवून झाली. तो तिथेच घुटमळला.

"काय करतील पुढं ती लोकं?" शेवटी तो म्हणाला, कुणाकडेच न बघता. "म्हातारा गेल्यावर. होडीचं, पोरीचं."

"तुम्हाला नको होतं ना पुढचं?" मास्तर दोरा ओवता ओवता म्हणाले.

"नकोच आहे. नुसतं विचारतोय. विचारायला काय जातं?" मग त्याने थोरलीकडे पाहिलं. "तो खरंच गेला का हो? तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कळलं असेल."

तिला कळलं होतं. दातासकट सगळं कळलं होतं, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने पाचवा भाग मिटला आणि बेकरीवाल्यापुढे धरला.

"तुम्ही वाचा आधी," ती म्हणाली.

"अहो पण तुमचा नंबर..."

"मी थांबते. मला सवय आहे." तिने चष्मा काढून डबीत ठेवला. "फक्त जेवताना वाचा. आणि मीठ हाताशी असू द्या."

बेकरीवाल्याला काही कळलं नाही. पण त्याने भाग घेतला, या खेपेला दोन्ही हातांनी, आणि विजार मास्तरांच्या टेबलावर तशीच विसरून तो पहिली ओळ वाचत रस्त्याला लागला.